घरच्या गॅसवर मटण-भाजीचा स्ट्यू: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे मटण म्हटलं की आधी वाटण आठवतं. भाजलेलं खोबरं, कांदा, आलं-लसूण आणि वर घरचा मसाला. ठाण्यात तर एकाच मजल्यावर आगरी, मालवणी आणि कोल्हापुरी असे तीन वास येतात. स्ट्यूमध्ये असं वाटण नाही आणि मसालाही नाही. मटण, हाडं, चार भाज्या, पाणी, मीठ, मिरी. त्यामुळे चव येते ती दोनच ठिकाणांहून: तुकड्यांना सुरुवातीला आणलेल्या खरपूस रंगातून आणि नंतर मंद आचेवर जाऊ दिलेल्या वेळातून. मसाला घालून झाकता येत नाही म्हणून या दोन गोष्टींत कुचराई केली की लगेच कळते. पाहुण्यांनी ‘सपक आहे’ म्हटलं तर मिरची कमी पडली असं समजू नका, बहुतेक वेळा रंग कमी आणलेला असतो.

मूळ पदार्थ युरोपातला, कोकराच्या किंवा मेंढीच्या मटणाचा. आयरिश स्ट्यूमध्ये मटण, बटाटा, कांदा आणि पाणी एवढ्यावर भागतं. फ्रान्सच्या नावारँ नावाच्या स्ट्यूमध्ये सलगम, गाजर, मटार अशा कोवळ्या भाज्या येतात. आपल्या दुकानांत मटण म्हणजे बोकड. कोकराइतकी चरबी त्यात नसते आणि ते शिजायला जास्त वेळ घेतं, पण हाडासकट घेतलं तर रस तितकाच दाट होतो. गोठवलेलं कोकराचं मटण मोठ्या दुकानांत कधीमधी दिसतं. त्याच्यासाठी अडून बसू नका. खाली सगळं बोकडाच्या हिशेबाने सांगतो आहे. कोकराचं मिळालंच तर अर्धा तास आधीपासून शिजलं का ते बघायला लागा आणि तेल निम्मं करा.

मटण आणताना

रविवारी सकाळी राबोडीत किंवा वाशीत मटणाच्या दुकानासमोर जी रांग असते, तिच्यात उभं राहून ‘जरा असे तुकडे करा, तसे करा’ सांगणं अवघड जातं. मागचे लोक तुमच्याकडे बघतात आणि दादा मुकाट्याने नेहमीचे बारीक तुकडे पाडून मोकळा होतो. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जा. श्रावणात जमलं तर आणखी बरं, गिऱ्हाईक कमी असतं. फक्त दुकान उघडं आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. गटारीच्या दिवशी मात्र पहिला प्रयोग नको.

बहुतेक नवखे सरळ मांडी मागतात, कारण ती दिसायला स्वच्छ आणि महाग. स्ट्यूला ती चुकीची. मांडीत हाड आणि चिवट पडदे कमी, त्यामुळे दोन तासांनी ती कोरडी लागते. तुम्हाला हवं आहे ते खांद्याचं, मानेचं आणि थोडं सीन्याचं म्हणजे छातीचं, वर दोन-तीन नळ्या. या भागांना जनावर सतत वापरतं, म्हणून त्यांत कोलॅजन नावाचा चिवट धागा भरपूर असतो. हाच धागा मंद आचेवर वेळ मिळाला की जिलेटिन होतो, मटण सुटायला लागतं आणि रस ओठांना चिकटेल इतका घट्ट होतो. म्हणजे जे इतर वेळी चिवट म्हणून नको असतं तेच इथे कामाचं.

दुकानात म्हणायचं एवढंच: ‘एक किलो, खांदा-मान मिक्स, थोडा सीना, नळ्या टाका, तुकडे बिर्याणीचे.’ बिर्याणीचे तुकडे म्हटलं की मोठे हवेत हे दादाला न सांगता कळतं. रश्शाचे बारीक तुकडे दोन तासांत विरघळून जातात. बोकड की मेंढी याची शंका असेल तर टांगलेल्या धडाची शेपटी बघा: बोकडाची आखूड आणि वर वळलेली असते, मेंढीची खाली लोंबते. अंगावरची सुटी चरबी बरीचशी काढायला सांगा. मटणाचा जो उग्र वास काहींना नको असतो तो मुख्यतः चरबीत असतो, आणि तो दडपायला इथे गरम मसाला नाही.

घरी आणल्यावर तुकडे एकदा भराभर धुवा म्हणजे हाडाचा चुरा निघून जाईल. चाळणीत निथळू द्या, दोन सपाट चमचे मीठ चोळा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कापलेलं मटण ताठर असतं. एक रात्र गेली की ते सैल पडतं आणि मीठ आतपर्यंत मुरतं. घाई असेल तर निदान एक तास तरी.

बाकीचं सामान

चार जणांसाठी एक किलो मटण धरलं आहे. त्याला लागेल:

तीन मध्यम कांदे, उभे जाड चिरून
लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, नुसत्या ठेचून (पेस्ट नको)
दोन टोमॅटो, बारीक चिरून
गाजर पाव किलो
नवलकोल किंवा सलगम दोन
बटाटे चारशे ग्रॅम
फरसबी शंभर ग्रॅम, मटार अर्धी वाटी
मैदा दीड मोठा चमचा, तेल तीन मोठे चमचे
तमालपत्र दोन, काळी मिरी दहा-बारा दाणे, ओवा दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतका
गरम पाणी सव्वा लिटर, त्यातलं थोडं उरेल
शेवटी अर्धं लिंबू, कोथिंबीर, ताजी कुटलेली मिरी

ओवा वाचून थांबू नका. युरोपातल्या स्ट्यूमध्ये थाइम नावाची पाने घालतात. त्यांच्या वासातला मुख्य घटक थायमॉल, आणि आपल्या ओव्यातही तोच असतो. चिमूटभर पुरतो, चमचाभर घातलात तर पोटदुखीच्या काढ्यासारखं लागेल. आलं घालू नका. हात शिवशिवतील, तरीही नको. आलं आलं की जीभ लगेच रश्शाची वाट बघू लागते आणि मग हे काहीच धड लागत नाही.

भाज्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. जांभळी नाक्याला तेव्हा मटाराच्या शेंगांचे ढीग लागतात, नवलकोल पानांसकट मिळतो, सलगमही दिसतो. नवी मुंबईकरांना एपीएमसीचा मोह होतो, पण तिथला भाजीपाला बाजार मुळात घाऊक. पाव किलो गाजरांसाठी पहाटे वाशीला जाण्यापेक्षा आपल्या सेक्टरची मंडई बरी. गाजर शक्यतो केशरी घ्या. हिवाळ्यातलं लाल गाजर हलव्याला छान, इथे ते रस गोड करतं आणि रंगही सोडतं. बटाटा नवा, पातळ सालीचा घ्या. तो उकळल्यावर आकार धरून राहतो. शीतगृहात बरेच दिवस राहिलेला जुना बटाटा गोडसर लागतो आणि कडेने फुटतो.

पावसाळ्यात मटार गोठवलेले चालतील. फ्लॉवर, ढोबळी मिरची, वांगं नको. पहिली दोन रसाला आपला वास देतात आणि वांगं विरघळतं.

भांडं

जाड बूड आणि घट्ट झाकण, बाकी काही लागत नाही. बिडाचं झाकणाचं भांडं असेल तर प्रश्नच मिटला. लोखंडी कढई या कामाला नको. टोमॅटो दोन तास तिच्यात राहिला की रस काळवंडतो आणि लोखंडी चव येते. आजीच्या काळचं कल्हईचं पितळी पातेलं असेल आणि कल्हई शाबूत असेल तर बिनधास्त वापरा. एकट्याने फ्लॅटवर राहणाऱ्या बहुतेकांकडे यातलं काहीच नसतं, पण पाच लिटरचा कुकर असतो. त्याचं बूड पुरेसं जाड असतं. शिट्टी न लावता, वर ताट झाकून तो पातेल्यासारखा वापरायचा.

आपल्या गॅसची बारीक आचही बऱ्याचदा या कामाला जास्त पडते. सर्वांत लहान बर्नर घ्या आणि भांड्याखाली जुना तवा ठेवा, बिर्याणीला दम देताना ठेवतो तसाच.

रंग आणणं

इथे वेळ द्या. रंग आणायला अर्धा तास जातो आणि तो वाचवता येत नाही.

मटण फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा आणि प्रत्येक तुकडा कागदी रुमालाने किंवा स्वच्छ सुती फडक्याने कोरडा पुसा. ओला तुकडा तपकिरी होत नाही, कारण पाणी आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि तो खरपूस रंग धरायला साधारण एकशे चाळीस अंश लागतात. म्हणून पुसणं ही टापटीप नव्हे, ती चवीची पहिली पायरी आहे.

एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. धूर होणार. तेल चांगलं तापलं की तुकडे एकमेकांना न चिकटता मावतील तेवढेच ठेवा. किलोभर मटणाला तीन खेपा लागतात. सगळं एकदम ओतलंत तर भांडं थंड पडतं, मटण पाणी सोडतं आणि त्याच पाण्यात करड्या रंगाचं उकडत बसतं. ठेवल्यावर तीन-चार मिनिटं हात लावू नका. आपली सवय सतत परतण्याची, ती इथे आवरायची. खालून रंग आला की तुकडा आपोआप बुडापासून सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून व्हायचा आहे. दोन-तीन बाजू शेंगदाण्याच्या सालीइतक्या तपकिरी झाल्या की ताटात काढा. आत कच्चं असू दे.

तोवर बुडाला तपकिरी थर जमलेला असतो. तो घासून टाकायचा नाही, सगळी चव तिथे आहे. मात्र काळा होऊन कडवट वास यायला लागला तर पुढच्या खेपेआधी आच कमी करा आणि दोन चमचे पाणी टाकून तो सोडवून घ्या. पूर्ण करपलाच तर भांडं बदला. करपलेलं कितीही शिजवलं तरी कडूच राहतं.

कांद्यापासून झाकणापर्यंत

त्याच भांड्यात कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याचं पाणी सुटलं की लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहा, थर कांद्याला लागतो. कांदा पारदर्शक होऊन कडा सोनेरी झाल्या की पुरे, बिरिस्ता करायचा नाही. लसूण एक मिनिट, मग मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता म्हणजे कच्चा वास जाईल. मैदा नको असेल तर सोडा, शेवटी दोन बटाटे कुस्करून दाटपणा आणता येतो. आता टोमॅटो, मऊ होईपर्यंत.

मटण ताटात सुटलेल्या रसासकट परत घाला. तमालपत्र, मिरी, ओवा. पाणी कडकडीत गरम आणि मोजून: तुकड्यांची टोकं वर दिसतील एवढंच. पूर्ण बुडवलंत तर रस पातळ होईल आणि मग आटवत बसाल. एक उकळी येऊ द्या, वर येणारा फेस चमच्याने काढून टाका, आच एकदम बारीक करा, खाली तवा, वर झाकण. झाकण सैल असेल तर कणकेची वळी करून कड लिंपा किंवा झाकणावर जड बत्ता ठेवा.

पुढचा दीड तास भांड्यात काय दिसायला हवं? इकडून एक बुडबुडा, थोड्या वेळाने तिकडून एक. रस्सा रटरटताना ऐकायची आपल्याला सवय असते आणि तो आवाज बंद झाला की वाटतं गॅस गेला. पण खळखळ उकळीत स्नायूंचे धागे आवळतात, आतलं पाणी बाहेर ढकलतात आणि मटण मऊ असूनही चोथा लागतं. मंद आचेवर तेच धागे सावकाश सुटतात. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बूड हलवा, पाणी कमी वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी. गार पाणी अजिबात नाही.

भाज्या कधी

सव्वा तासाने एक तुकडा काढून सुरी टोचा. सहज शिरते पण काढताना जरा अडते, अशी अवस्था आली की मटणाला अजून पाऊण तास आहे असं समजा. बोकड जून असेल तर ही अवस्था यायला दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवा.

या टप्प्याला गाजराचे दोन इंची तुकडे आणि नवलकोलाच्या जाड फोडी घाला. पंधरा मिनिटांनी बटाटे, अर्धे कापून. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी फरसबी, आणि अगदी शेवटची पाच मिनिटं मटार. सगळ्या भाज्या सुरुवातीलाच टाकणं हा नवख्यांचा हमखास उद्योग. त्यातून स्ट्यू होत नाही, पावभाजीची भाजी होते.

बटाटे घातल्यावर मीठ चाखा, आधी नाही, कारण रस आटत असतो. खारट झालंच तर ‘कच्चा बटाटा टाक, मीठ शोषून घेईल’ असं कुणीतरी सांगेल. बटाटा फक्त आपल्यात शिरलेल्या पाण्यापुरतं मीठ घेतो. खरा उपाय म्हणजे दोन पळ्या रस काढून तेवढंच गरम पाणी घालायचं.

मटण हाडापासून नुसत्या चमच्याने सुटलं की गॅस बंद. झाकून वीस मिनिटं तसंच राहू द्या. वर तेल-चरबीचा थर येतो तो पळीने काढा. शेवटी लिंबू पिळा, ताजी मिरी, कोथिंबीर. लिंबू ऐच्छिक नाही. इतका वेळ शिजलेला रस जड लागतो; थोडा आंबटपणा आला की मटणाची आणि गाजराची चव वेगवेगळी कळायला लागते.

कुकरचीच घाई असेल तर

ऑफिसहून घरी यायलाच आठ वाजतात, तेव्हा दोन तास कुठून आणणार? रंग आणण्याची पायरी तशीच ठेवा, ती सोडली तर हे सगळं करण्यात अर्थ नाही. कांदा-टोमॅटोपर्यंत कुकरमध्येच करा. पाणी मात्र कमी, दोन कपच, कारण कुकरमधून वाफ फारशी जात नाही. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर वीस मिनिटं. कुकर आपोआप थंड होऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस जोरात उकळतो आणि मटण चोथा होतं. नंतर झाकण काढून भाज्या उघड्यावर, वरच्याच क्रमाने शिजवा. आतलं तापमान एकशेवीस अंशांपर्यंत जात असल्याने मटण लवकर मऊ होतं. रस तितका मुरलेला लागत नाही, पण बुधवारच्या रात्रीसाठी वाईट नाही.

कशाबरोबर, आणि उरलं तर

बेकरीतून कडक पाव आणा. लादी पाव रसात बुडवला की लगेच गळतो. तांदळाची भाकरीही उत्तम जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी घरांत ती मटणाबरोबर असतेच. भात हवा असेल तर वाडा कोलम. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वाडा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा ठाणेकरांनी तो आपलाच समजायला हरकत नाही. बारीक, मऊ दाणा हा रस छान धरतो. बासमती इथे कोरडा आणि सुटा पडतो.

वाढताना ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून घ्या. बोकडाची चरबी लवकर गोठते आणि एसीच्या खोलीत तर पाच मिनिटांत टाळूला चिकटायला लागते.

नेरूळ-वाशीकडे मल्याळी शेजार असेल तर त्यांचा इष्टू तुम्ही खाल्ला असेल: तोही याच कुळातला, पण त्यात नारळाचं दूध, हिरवी मिरची, आलं, कढीपत्ता असतो आणि मटणाला रंग आणत नाहीत. तो करायचा तर स्वतंत्र करा. वरच्या कृतीत शेवटी नारळाचं दूध ओतून दोन्ही साधण्याच्या फंदात पडू नका. तपकिरी रस आणि नारळाचं दूध मिळून राखाडी काहीतरी तयार होतं.

लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. मटणाचं अळणी पिऊन वाढलेल्या पोरांना हे लगेच आवडतं. मोठ्यांपैकी कुणाला तिखट हवंच असेल तर ठेचा बाजूला ठेवा, भांड्यात टाकू देऊ नका.

उरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणून थोडं मुद्दाम जास्त करायला हरकत नाही. आपल्या दमट हवेत दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं गरम असताना आत ढकलण्यापेक्षा दोन उथळ डब्यांत काढून गार करा. सकाळी रस खरवससारखा थरथरत असेल तर जिलेटिन उतरलं आहे, म्हणजे जमलं. वरचा पांढरा चरबीचा थर अख्खाच उचलता येतो. तीन दिवसांत संपवा आणि दर वेळी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळवा. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर बटाटे आधी खाऊन टाका, गोठवून वितळल्यावर ते भुसभुशीत होतात. नंतर गरम करताना ताजे उकडलेले घाला.